नव्वद दिवस आधी

निंबखेडी, ता. जिंतूर
२ एप्रिल २०२५

अप्पा, शरणार्थ.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुमी हे बाजूला ठेवाल, म्हणून चंद्रप्पाला सांगितलंय, अप्पांच्या हातात दे आणि तिथून निघून जा. बहिणीचं एवढं तरी ऐकेल. चंद्रप्पानं फोन पुढं केला तरी तुमी घेत नाही. पत्राला उत्तर द्या असं मी म्हणत नाही. वाचा एवढंच.

मी मेडिकल बंद करायलेय. १७ मार्चला ग्रामपंचायतीत लेखी दिलं आणि दाराच्या डाव्या फळीवर सूचना चिकटवली. शेवटचा दिवस १५ जून.

कारण राजनंदिनी. तुमची नात सहा वर्षांची झाली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानाला मशीन लावलं की थोडं येतं, बाकी ती ओठांवरून ओळखते. परभणीत अशा मुलांच्या शाळेत तिला जागा मिळाली. पहिलं वर्ष आईनं रोज वर्गात बसायचं, शिकवलेलं घरी करून घ्यायचं, असा त्यांचा नेम आहे. तिचा बाप महारुद्र जिंतूरच्या एसटी आगारात मेकॅनिक आहे, तो परभणीहून जाऊन-येऊन करेल. मला मात्र दुकान आणि शाळा दोन्ही जमणार नाही.

आता सूचनेचं. तुमी इथलं दुकान बंद करून लातूरला गेलात त्यानंतर महिन्याभरात ग्रामसभेनं एक ठराव केला. तुमाला तो कुणी सांगितला नसेल. रजिस्टरातून उतरवून देते:

"गावातील औषध दुकान, रेशन दुकान, किराणा अथवा पिठाची गिरणी कोणत्याही कारणाने बंद करावयाची झाल्यास दुकानदाराने नव्वद दिवस आधी ग्रामपंचायतीस लेखी कळवावे व तशी सूचना दुकानाच्या दारावर लावावी."

सूचक म्हणून मुंजाजीकाकांचं नाव आहे. पुढं सही नाही, डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. याबद्दल पुढं लिहीन.

जिंतूरला एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, अशा ठरावानं कुणाला बांधता येत नाही. तुम्ही उद्या कुलूप लावून गेलात तरी तुमचं कुणी काही करू शकत नाही." फीसुद्धा घेतली नाही. घरी येऊन मी सूचना लिहायला बसले.

तुमच्या वेळच्या फळ्या तशाच आहेत. निळा रंग तेवढा दिला.

धनश्री


निंबखेडी
२० एप्रिल २०२५

अप्पा,

चंद्रप्पा म्हणाला, पत्र तुमी उघडलंत. पुढं काय ते त्याला माहीत नाही.

मी वकिलाकडं का गेले होते हे तुमी ओळखलं असेल. मलाही तसंच जायचं होतं. बोरीच्या बाजाराचा दिवस धरायचा, गाव रिकामं असताना दुपारी दोनला टेम्पो लावायचा आणि लोक परतायच्या आत निघायचं. तुमी तसंच गेलात. त्यासाठी आठ वर्षं मी तुमाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. सूचना लिहून झाल्यावर चार दिवस ती माझ्या पर्समध्ये होती. रोज सकाळी दुकान उघडताना चिकटवायची ठरवायची आणि तेवढ्यात कुणीतरी यायचं. कुणी म्हणायचं, "धनश्रीताई, त्या पांढऱ्या गोळ्या दे." कुणी आधी बसायचं, पाणी प्यायचं, पोटाचं सांगायचं. त्यांच्यासमोर तो कागद काढायला हात होईना. आई गेल्यानंतर ते वर्षभर तुमी त्याच काउंटरला उभे होतात. येणारा प्रत्येक जण आधी तिची आठवण काढायचा, मग गोळ्या मागायचा. मला वाटायचं, तुमाला गावाचं काहीच वाटलं नाही. त्या चार दिवसांत पहिल्यांदा वाटलं, तसं नसावं.

पाचव्या दिवशी सगुणाबाईसमोरच चिकटवली. मुंजाजीकाकांची सगुणाबाई. तिनं माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं,
"पोरीच्या कानाचं हाय का?"
"हो."
"मंग बरं केलंस आधी सांगितलंस. आता आमी बघतो."
मला वाटलं होतं ती भांडेल.

१५ तारखेला ग्रामसभा झाली. पारावर, संध्याकाळी पाचला. मला बोलावलं होतं. मी घरून पाठ करून गेले, मी का चाललेय, माझा नाइलाज कसा आहे. सरपंच मंजुषाताईंनी मला बोलूच दिलं नाही. त्या म्हणाल्या, "तिचं कारण तिनं लिहून दिलंय, ते कुणी विचारायचं न्हाई. आपल्याला आपलं बघायचंय. ज्यांची गोळी एक दिवस चुकली तर चालत न्हाई, तेवढ्यांनी उभं राहा."

आधी सगुणाबाई उठली आणि काकांना दंडाला धरून उठवलं. मग बन्सीधर गुरुजी, त्यांना साखरेचं इंजेक्शन लागतं. मग मागच्या ओळीतल्या बाया उठायला लागल्या. दम्याच्या, रक्तदाबाच्या, थायरॉईडच्या. एक बाळंतीण पोराला खांद्यावर घेऊन उठली. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्या जागी घरातलं कुणीतरी उठलं आणि नाव सांगितलं. परमेश्वर गिरणीवाला पायऱ्यांजवळ उभा राहिला, तेव्हा त्याची बायको त्याच्याकडं बघतच राहिली. तो गोळ्या घेतो हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण त्यानं मला शपथ घातली होती.

अप्पा, त्यातलं एकेक माणूस मला ठाऊक होतं. कुणाची कुठली गोळी, किती ताकदीची, कुणाला सकाळच्या गोळीच्या कागदावर सूर्य काढून द्यायचा आणि कुणाला रात्रीच्या गोळीवर चांदणी, सगळं पाठ. पण ही सगळी एकदम उभी मी कधीच बघितली नव्हती. पार भरला, मारुतीच्या पायऱ्या भरल्या, रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. अर्ध्याहून जास्त गाव. ऊन उतरलं होतं. मला वाटायचं, मी एक छोटं दुकान चालवते. मी पण उभी राहिले. का ते माहीत नाही. बसून राहणं बरं दिसेना.

"बसा," मंजुषाताई म्हणाल्या. कुणी लवकर बसलं नाही. एकमेकांकडं बघायलेले. तू पण? तुला कधीपासून?

मग काम सुरू झालं. घरोघर जाऊन औषधांची यादी करायची, हे बचत गटाच्या बायांनी घेतलं. धम्मशीलाला बोलावणं गेलं. ती याच गावची, बी. फार्म. झालेली, जिंतूरला दुसऱ्याच्या मेडिकलवर कामाला जाते. पंचायतीनं तिला समाजमंदिराची खोली द्यायची ठरवलं. ती म्हणाली, "मला दुकान चालवता येतं. परवाना मिळेपर्यंत मात्र धीर धरा."

तुमी गेल्यावर चौदा महिने या गावात साधी तापाची गोळी मिळत नव्हती. तेव्हा हीच माणसं होती. त्यांना तेव्हा नव्वद दिवस मिळाले असते तर, हे माझ्या मनात आलं. तुमाला टोचायला लिहीत नाही.

किंवा थोडं टोचायलाच.

धनश्री


निंबखेडी
२२ मे २०२५

अप्पा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

धम्मशीलाचा अर्ज अडकला. खोली तयार झाली, फ्रीज आला, मांडणी झाली. पण एक कागद कमी निघाला, तो परत पाठवला गेला, आणि आता परवान्याची तपासणी २ जुलैच्या पुढं. माझा शेवटचा दिवस १५ जून, आणि १६ तारखेला राजनंदिनीची शाळा. पहिल्या आठवड्यात आई नसली तर जागा दुसऱ्याला देतात, आणि वाट बघणारी मुलं लय आहेत.

मधले तीन आठवडे माझ्याच परवान्यावर हेच दुकान उघडं ठेवता येतं. पण काउंटरला नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. धम्मशीलाचं नाव तिच्या नव्या अर्जावर लागलंय, तिला इथं उभं राहता येत नाही. जिंतूर, बोरी, परभणी, सगळीकडं विचारलं. तीन आठवड्यांसाठी खेड्यात कुणी येत नाही.

परवा रात्रीचं जेवण झाल्यावर मी फार्मासिस्टांची यादी मोबाइलवर बघायलेले, कुणी ओळखीचं सापडतंय का म्हणून. तिथं तुमचं नाव दिसलं. राजेश्वर, तुमचा जुना नंबर, आणि पुढं लिहिलेलं की नोंदणी चालू आहे. अप्पा, तुमचं दुकान नाही, कुठं नोकरी नाही, लातूरला जाऊन आठ वर्षं झाली, तुमी सदुसष्टचे झालात. तरी तुमी ती दर वेळी नवी करून घेता. मी महारुद्रला दाखवलं. तो म्हणाला, "माणूस उगाच करत नसतो."

म्हणून विचारते. तुमी याल का? १६ जूनपासून, परवाना मिळेपर्यंत.

पण यायच्या आधी तुमाला एक माहीत पाहिजे. एसटी स्टँडवर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मुंजाजीकाकांना तुमी फिटच्या गोळ्या द्यायचात. तुमी गेलात तेव्हा त्यांच्याकडं सहा दिवसांच्या उरल्या होत्या. पेरणी चालली होती, आज जाऊ उद्या जाऊ करत जिंतूरला जाणं झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापत होतं आणि त्यांना चुलीपाशीच फिट आली. घरात कुणी नव्हतं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. परभणीच्या दवाखान्यात दोन महिने काढले. बोटं आता उघडत नाहीत. तुमच्या दुकानात बसून पेपर मोठ्यानं वाचणारा आणि गावातल्या सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा माणूस ठरावावर अंगठा लावतो, तो त्यामुळं. दवाखान्यातून एका दिवसासाठी त्यांना जीपमध्ये घालून ग्रामसभेला आणलं होतं, ठराव मांडायला.

मी दुकान उघडायला आले त्याचं कारण तेच होतं. तुमी म्हणालात, त्या गावात पाय ठेवलास तर मला बाप म्हणू नको. तुमाला वाटलं, मी तुमाला खाली बघायला लावायला चालले. कारण मी तेव्हा सांगितलं नाही. काकांनीच सांगू दिलं नाही. ते म्हणाले, "राजेश्वरला कळवू नगंस. त्याची बायको जाऊन वरीस झालंय. त्याला आनखी वझं कशाला?"

असं ते म्हणाले, अप्पा. हाताला बँडेज होतं तेव्हा.

तुमच्या सह्या लागतील ते कागद सोबत आहेत. फुल्या केल्यात तिथं करायच्या. यायचं नसेल तर कागद फाडून टाका. मला समजेल.

धनश्री


निंबखेडी
१० जून २०२५

अप्पा,

काल पाकीट आलं. सगळ्या कागदांवर सह्या. सोबत एक ओळसुद्धा नाही.

मी पाकीट दोनदा झटकून बघितलं. सगुणाबाई काउंटरला होती. "काय हुडकायलीस?" म्हणाली. मी सह्या दाखवल्या. तिला वाचता येत नाही, पण तिनं बोट फिरवून बघितलं आणि काकांना दाखवायला घरी घेऊन गेली. मला भीती वाटली. अर्ध्या तासानं परत आणून दिले. विचारलं, "काका काय म्हणाले?"

"कायच न्हाई म्हनले. दाढी करून घेतो म्हनले."

कागद मी आजच परभणीला देऊन आले. तुमचं नाव चढलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "वडील का?" मी हो म्हणाले. लय दिवसांनी कुणी विचारलं.

सही केली म्हणजे येणार, असं मी धरायलेय. पण चंद्रप्पा म्हणतो, अप्पा काहीच बोलत नाहीत, नुसते गॅलरीत बसतात. तुमी आला नाहीत तर १६ तारखेला दुकान बंद. मी तुमाला घाबरवत नाही, जे आहे ते सांगते. बायांनी यादीतल्या सगळ्यांना महिन्याच्या गोळ्या आधीच घ्यायला लावल्या आहेत, त्यामुळं कुणाचं लगेच अडणार नाही. पण नवा ताप, नवा दमा यादी बघून येत नसतो.

मी १५ तारखेला दुपारी निघेन. किल्ली सगुणाबाईकडं ठेवते. पहिली गाडी परभणीहून सव्वासातला सुटते.

धनश्री


परभणी
१६ जून २०२५, संध्याकाळ

अप्पा,

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसले होते. राजनंदिनी पुढं. बाई आरशासमोर मुलांना ओठ कसे हलवायचे ते दाखवायलेल्या. माझा फोन थरथरला. अनोळखी नंबर. बाहेर येऊन उचलला.

"थायरॉईडच्या, पंचवीसच्या. कुठं ठेवल्यास?"

आठ वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. मी म्हणाले, "डावीकडं. खालून तिसरा खण."

"बरं," म्हणालात आणि ठेवलात.

मी तिथंच व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. बोलायला आठ वर्षांचं होतं आणि मी खण सांगितला. म्हणून हे लिहायलेय.

दुपारी सगुणाबाईचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. तुमाला तुमच्याकडून ते दिसलं असेल, तिच्याकडून कसं दिसलं ते ऐका.

गाडी आली तेव्हा स्टँडवर कुणी नव्हतं. तुमाला अवघड वाटू नये म्हणून मंजुषाताईंनीच सांगून ठेवलं होतं, की त्यांना बघायला कुणी जमायचं नाही. माणसं आपापल्या दारात होती. तुमी पिशवी घेऊन मधल्या रस्त्यानं आलात. कुणी हाक मारली नाही, पण तुमी पुढं गेलात की प्रत्येक दारातलं माणूस पायरीवर यायचं आणि बघत राहायचं. सगुणाबाई म्हणाली, "धनश्री, इतकी मानसं आन इतकी शांत, म्या लग्नातबी बघितली न्हाई आन मयतीतबी न्हाई."

दुकानासमोर बाकावर मुंजाजीकाका बसलेले. साडेसातपासून. तुमी थांबलात. तुमी म्हणालात, "मुंजाजी, मी..."

ते म्हणाले, "आधी दुकान उघड. लोकं खोळंबलेत."

तुमी फळ्या काढल्यात. हात धुतलात. आतून एप्रन घेतलात, तो माझा, तुमाला आखूड झाला असेल. काकांनी डाव्या हातानं चिठ्ठी पुढं केली. तुमी वाचलीत, गोळ्या काढल्यात, पाकिटावर एक सूर्य आणि एक चांदणी काढून त्यांच्या डाव्या हातात दिल्यात. सगुणाबाई म्हणाली की तुमची नजर त्या दुसऱ्या हातावर गेली आणि मग तुमी काउंटरच्या बाहेर आलात. थायरॉईडवालीला "थांबा थोडं" म्हणालात आणि बाकावर काकांच्या शेजारी बसलात.

किती वेळ, मी विचारलं. ती म्हणाली, लय वेळ. रांगेत अकरा माणसं होती. त्यांतला एकही जण पुढं झाला नाही, खाकरला नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. सगळे मागं सरकून निंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले, ऐकू येऊ नये एवढ्या अंतरावर. बन्सीधर गुरुजींची इंजेक्शनची वेळ झाली होती, तेसुद्धा.

"काय बोलले गं ते?" मी विचारलं.

"आमाला काय ठावं? आमी कुनीच जवळ गेलो न्हाई."

मग तुमी उठलात, डोळे पुसलेत आणि मला फोन करून खण विचारलात.

मी विचारणार नाही काय बोललात. ते तुमच्या दोघांचं आहे. पण अप्पा, मी दिवसभर त्या अकरा माणसांचाच विचार करायलेय. माझ्या दुकानात येणारी रोजची माणसं. सुट्ट्यावरून भांडणारी, रांग मोडणारी. ती एका माणसासाठी तासभर उन्हातून बाजूला होऊन उभी राहिली आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सात वर्षं मी त्यांना गोळ्या दिल्या आणि ही माणसं मला माहीत नव्हती.

जेवायला सगुणाबाईकडं जायचं आहे, तिनं सांगितलं असेलच. लाजू नका. रात्री अंथरूण दुकानामागच्या खोलीत घातलंय, पंख्याचं बटण दाराच्या मागं आहे.

रविवारी शाळेला सुट्टी. मी राजनंदिनीला घेऊन पहिल्या गाडीनं येते. तुमी कसे दिसता हे तिनं आज चारदा विचारलं, मी नाकापासून हनुवटीपर्यंत बोटानं काढून दाखवलं. तिच्याशी मोठ्यानं बोलायची गरज नाही, उपयोग होत नाही. खाली बसा, तिच्या तोंडासमोर या आणि सावकाश बोला. तुमी जे म्हणाल ते ती ओळखेल.

धनश्री